हात फिरवण्याआधी

नाशिकपासून जवळच, गोदावरीच्या काठी, जलालपूर नावाचे गाव आहे. १८६८ मध्ये तिथे जन्मलेल्या मनकर्णिका गोखले हिला कोणी शाळेत घातले नाही. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. अक्षरओळख झाली ती त्यानंतर, पती नारायण वामन टिळक यांच्या आग्रहामुळे. तीही अडखळत, संसाराच्या धबडग्यात. याच बाईंच्या हातून उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहून झाले. १९३४ पासून ते चार भागांत छापले गेले, आणि आज मराठी आत्मचरित्रांची यादी कोणीही करायला बसले तरी ते वगळून ती पुरी होत नाही. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० मध्ये ते इंग्रजीत नेले. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये नव्याने नेले.

लिहायला बसल्या तेव्हा लक्ष्मीबाईंच्या मनात पुस्तक नव्हते. टिळक १९१९ मध्ये गेले होते. मुलाला, देवदत्त यांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते, आणि त्या विलक्षण माणसाबरोबर काढलेल्या दिवसांची सगळ्यात जवळची साक्षीदार आईच होती. तिने आठवेल ते लिहून द्यावे, म्हणजे चरित्राला सामग्री मिळेल, एवढाच हेतू. सामग्री म्हणून लिहिणाऱ्या माणसाला शैलीची धास्ती नसते. आपले वाक्य कोणी तपासणार आहे, आपल्याला कोणी लेखिका म्हणून मोजणार आहे, हा विचारच मध्ये येत नाही. म्हणून स्वतःच्या वडिलांचे कडकडीत सोवळे, टिळकांचे न सांगता घरातून निघून जाणे, त्यांच्या धर्मांतराने उडालेला हाहाकार, हे सारे त्यांच्या लेखणीतून जसे आठवले तसे उतरत गेले. हसू आणि रडू एकाच परिच्छेदात आले, तरी तिथे ते वेगळे करायला कोणी उभे नव्हते.

दुसरे काम मुलाचे होते. देवदत्त नारायण टिळक हे ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे संपादक. दुसऱ्याचा मजकूर वाचणे, लावणे, छापण्याजोगा करणे हा त्यांचा रोजचा उद्योग. अशा माणसाच्या हाती आईची पाने आली, की दोन मोह समोर उभे राहतात. एक, त्या काळच्या वजनदार ग्रंथभाषेत ती बसवण्याचा. दुसरा, कालक्रमाने सगळे सरळ ओळीत लावून बोलण्यातली वळणे काढून टाकण्याचा. छापलेले ‘स्मृतिचित्रे’ वाचले की कळते, यांतला एकही मोह वरचढ ठरलेला नाही. वाक्ये अजून बोलतात. एक गोष्ट सांगता सांगता बाई दुसरीकडे वळतात आणि परत येतात. आईचा आवाज कुठे थांबतो आणि मुलाचा कुठे सुरू होतो, हे कानाला लागत नाही. मराठीतल्या संपादनाचे याहून मोठे यश शोधायला फार हिंडावे लागेल. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी याच ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली, म्हणजे एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी एकाच मजकुराची तीन वेगवेगळी कामे केली.

लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत, आणि ती एकाच वेळी करू गेले तर दोन्ही बिघडतात, हा पुढील पानांचा विषय. विषय साधा वाटतो. कोणीही मान डोलावील, आणि लगेच जाऊन पहिले वाक्य लिहील, ते खोडील, पुन्हा लिहील, शब्दकोश उघडील, आणि तासाभराने तेच वाक्य किंचित वेगळ्या वेशात समोर घेऊन बसेल. माहीत असणे आणि तसे वागणे यांत जे अंतर पडते, त्यासाठी इतकी पाने खर्ची घालावी लागतात.

एकाच माणसाने एकाच बैठकीत सुचवायचे, लिहायचे आणि निवाडाही करायचा, ही अपेक्षा तशी अलीकडची आहे. मराठी ग्रंथांची सुरुवात पाहिली तर कामे मुळातच वाटलेली दिसतात. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा सांगणारे ज्ञानदेव होते आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ज्ञानदेवांसमोर श्रोते होते, गुरू निवृत्तिनाथ होते. समोर कागद नव्हता. पुढे तीनशे वर्षे नकला होत राहिल्या आणि त्यांत नकलाकारांची भर पडत गेली. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला. एकनाथ स्वतः कवी होते, आणि कमी दर्जाचे नव्हेत. ‘एकनाथी भागवत’ लिहिणाऱ्या माणसाला ज्ञानदेवांच्या ओव्यांत चार ओव्या मिसळणे सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही. उलट, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये अशी स्पष्ट ताकीद अखेरीस देऊन ठेवली. निर्मितीची ताकद हातात असताना ती बाजूला ठेवून केवळ शोधनाचे काम करणारा माणूस म्हणून नाथांकडे मराठी लेखकाने पुन्हा पाहायला हवे.

त्याहीआधी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विदर्भातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारले आणि मिळेल ते टिपले. नागदेवाचार्यांची देखरेख होती. त्यातून सिद्ध झालेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि अनुयायांनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. या ग्रंथात जागोजाग दिसते, की एका प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवल्या आहेत: अमका असे सांगतो, तमका तसे. आधी सगळे जमा करायचे आणि निवड नंतर करायची, हा शहाणपणा तिथे आहे. टिपतानाच जर ‘खरे कोणते’ हा निवाडा लावला असता, तर निम्मे हाती लागले नसते.

नाशिकच्या वाचकाला समर्थ रामदास घरचे वाटतात, कारण नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तप केले. पुढे दासबोध सांगितला समर्थांनी आणि लिहिला कल्याणस्वामींनी, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि तो वाचला की समर्थांच्या व्यवहारी नजरेची कल्पना येते. अक्षर मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभापासून अखेरीपर्यंत सगळे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. हा समास आहे तो पक्क्या प्रतीचा. सुचण्याविषयी त्यात अवाक्षर नाही. विचार, कवित्व, श्रवण यांना समर्थांनी ग्रंथात वेगळी जागा दिली आहे, आणि प्रत तयार करण्याला वेगळी. दासबोधही एका दमात पुरा झालेला नाही. सहाव्या दशकात आलेल्या कालगणनेवरून १६५९ हे साल निघते, आणि सातव्या दशकाच्या शेवटी ग्रंथ संपल्याची भाषा आहे. तरी पुढे तो वाढत वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा झाला.

महाभारत लिहून घेणाऱ्या गणपतीची गोष्ट घरोघरी माहीत आहे. गणपतीची अट, की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची अट, की अर्थ कळल्याशिवाय अक्षर उमटता कामा नये. वेग एकाकडे, पारख दुसऱ्याकडे. लेखनाच्या दोन अंगांचे इतके नेमके चित्र जगाच्या वाङ्मयात क्वचित असेल. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून १९६६ मध्ये चिकित्सक आवृत्ती पुरी केली, तेव्हा हीच कथा मूळ संहितेत बसत नाही असे ठरले आणि तिला परिशिष्टात जागा मिळाली. कथा कितीही लाडकी असली तरी पुरावा नाही म्हणून ती बाहेर काढणे, हे संपादनाचे कठीण रूप आहे. त्यासाठी लागणारे मन आणि ती कथा रचणाऱ्या कवीला लागलेले मन, दोन्ही महाभारताला हवीच होती; फक्त एकाच दिवशी नव्हे.

नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमधली खरड छाटणी वेलीला नवी काडी फुटावी म्हणून, आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी घड यावेत म्हणून. मधले महिने काडी वाढू द्यायची, पिकू द्यायची असते. घाई केली तर कात्री कितीही धारदार असली तरी फळ धरत नाही. बागायतदाराला हे कोणी पटवून द्यावे लागत नाही. लेखकाला मात्र द्यावे लागते, कारण वाढत्या मजकुरावर कात्री चालवण्याचे साधन आता सतत त्याच्या बोटाखाली असते.

साधनाचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा. बोरू आणि दौत होती तेव्हा खोडणे महाग होते. खिळ्यांची छपाई आली तेव्हा प्रूफावर बदल करणे खर्चाचे झाले, म्हणून हस्तलिखितातच काय ते उरकावे लागे. टाइपरायटरवर चूक झाली तर खाडाखोड दिसे किंवा अख्खे पान पुन्हा बडवावे लागे. या सगळ्या अडचणी लेखकाला नकळत पुढे ढकलत होत्या: मागे वळणे कष्टाचे, म्हणून पुढे जाऊ. संगणकाने आणि मोबाइलने ती अडचण दूर केली आणि तिच्याबरोबर तो रेटाही गेला. आता अर्धे वाक्य लिहून झाले की खाली लाल रेघ येते, कधी तर मराठी शब्द बरोबर असूनही येते, आणि नजर विचारावरून उडून वेलांटीवर जाऊन बसते.

वेलांटी महत्त्वाची नाही असे कोणी समजू नये. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम नव्याने ठरवले, अनुच्चारित अनुस्वारांना रजा मिळाली, १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांच्यामागे पुष्कळ वादविवाद आणि विचार आहे, आणि छापील मजकूर त्यांना धरून असावा हे वाचकाच्या सोयीचे आहे. अरुण फडके यांनी ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे छोटे पुस्तक त्यासाठीच केले, आणि ते प्रत्येक लिहित्या माणसाजवळ असावे. प्रश्न ते कधी उघडायचे एवढाच आहे. ‘माहिती’ आणि ‘माहीत’ यांतली ‘हि’ कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ, हा प्रश्न खर्डा पुरा झाल्यावरही तसाच असतो, पळून जात नाही. मनात नुकताच आलेला पुढचा विचार मात्र थांबत नाही.

यात आपल्या शाळांचाही वाटा आहे. गणिताला कच्ची वही असते. तिथे खाडाखोड चालते, आकडे तिरके गेले तरी कोणी रागवत नाही. निबंधाला कच्ची वही नसते. मूल पहिले वाक्य लिहिते तेच पक्क्या वहीत, सुवाच्य अक्षरात, आणि बाईंच्या लाल शाईची भीती मनात धरून. वही परत येते तेव्हा काने-मात्रे गोल करून आलेले असतात. निबंधात काय म्हटले आहे याविषयी एखादाच शेरा. अशा मुलांना पुढे महाविद्यालयात गेल्यावर ‘स्वतःचे विचार मांडा’ असे सांगितले, की ती आधी शाईचा रंग आठवतात. मराठीच्या तासाला कच्ची वही आली तर पाचवी-सहावीतच अर्धा प्रश्न सुटेल, असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते.

अमेरिकेत पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात हाच धागा पकडला: ठरावीक वेळ हात न थांबवता लिहायचे, मागे वळून वाचायचे नाही, काही सुचले नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहायचे. कितीतरी वर्गांत ही रीत रुजली. पण तिला मंत्र समजून चालणार नाही. रोनाल्ड केलॉग या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना ओबडधोबड खर्डा आधी लिहायला सांगितले आणि काहींना पहिल्यापासून नीटनेटके. शिवाय काहींना लिहिण्याआधी मुद्द्यांचा आराखडा करायला लावले. आराखडा करणाऱ्यांचे लेखन सरस ठरले. खर्डा ओबडधोबड की नेटका, याने मात्र अखेरच्या दर्जात फरक पडलेला दिसला नाही. ही गोष्ट खर्ड्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी लपवू नये. त्या प्रयोगांतले लेखन छोटे होते, एका बैठकीचे होते. दोनशे पानांच्या आत्मचरित्राला ते तसेच्या तसे लागू होईल असे नाही. तरी त्यातून एक बाब नीट कळते. मनाची एका वेळची झेप मर्यादित आहे. काय म्हणायचे, कोणत्या क्रमाने म्हणायचे, कोणत्या शब्दांत म्हणायचे आणि म्हटलेले बरोबर आहे का, ही चार ओझी एकदम उचलण्याऐवजी एखादे आधी उतरवून ठेवले तर उरलेली पेलतात. कोणी आराखडा करून पहिले ओझे उतरवतो, कोणी खर्डा लिहून शेवटचे पुढे ढकलतो.

आणि काही माणसांना हे वेगळेपण परवडतच नाही. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९११ मध्ये अंदमानच्या कोठडीत गेले तेव्हा त्यांना कागद-लेखणी मिळत नव्हती. कविता भिंतीवर कोरायची, पाठ करायची, आणि भिंत पुसली गेली तरी स्मरणात ठेवायची. जिथे स्मरण हीच वही, तिथे कच्ची ओळ साठवणे म्हणजे जागा वाया घालवणे. ओळ मनात घडवून, घासून मगच ती पाठ करावी लागते. मौखिक परंपरेतल्या पुष्कळ रचनांचे असेच झाले असणार. वृत्त आणि यमक यांनी तिथे संपादकाचे काम केले. गद्य लिहिणाऱ्याला तो आधार नाही, म्हणून त्याला वेळेचा आधार घ्यावा लागतो.

वेग आणि वेळ यांचे दोन टोकांचे नमुने एकाच मराठी लेखकाकडे मिळतात. भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या सांगवी या आपल्या गावी बसून ‘कोसला’ पंधरवड्याच्या आसपास लिहून काढली, प्रकाशक रा. ज. देशमुख मागे लागलेले होते आणि लेखक जेमतेम पंचविशीचा. त्याच नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली, कित्येक वर्षांच्या तयारीनंतर. ‘कोसला’चा दाखला देऊन नवे लेखक म्हणतात, की बघा, खरे लेखन एका झपाट्यात होते, त्याला हात लावू नये. पण ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर कागदावर पंधरा दिवसांत आला असला, तरी पुण्यातली वसतिगृहे, खानदेशातले घर आणि ती बोली लेखकाच्या अंगात किती वर्षे मुरत होती, ते या हिशेबात धरावे लागते. झपाट्याने लिहिलेला मजकूर बहुधा आधी दीर्घकाळ न लिहिलेला असतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २०१३ चा जनस्थान पुरस्कार नेमाड्यांना दिला, तेव्हा ही दोन्ही पुस्तके त्यांच्या नावावर होती.

आता दुसऱ्या हाताकडे, म्हणजे हात फिरवणाऱ्याकडे वळायला हवे. खुद्द कुसुमाग्रजांच्या वाट्याला एक मोठा वाचक आला. ‘विशाखा’ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली ती वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने: कविता लिहिणारा नाशिकचा तरुण, आणि त्या लोकांपुढे आणण्याची तळमळ कोल्हापूरच्या ज्येष्ठ कथाकाराला. पुढच्या काळात ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादनाला जे गांभीर्य दिले, त्याच्या आठवणी अनेक कथाकारांनी सांगितल्या आहेत. कथा परत येई, पण पत्रासह येई: इथे पात्र का वळते ते कळत नाही, शेवट आधीच झालेला आहे. पटवर्धन स्वतः किती घडवून लिहीत, ते ‘पाडस’ या त्यांच्या अनुवादाच्या कोणत्याही पानावर दिसते. एका माणसाचा खर्डा आणि दुसऱ्या माणसाची बारीक नजर यांतून मराठी नवकथेची एक पिढी उभी राहिली.

याच मासिकावर १९६९ मध्ये तरुण लेखकांनी राग काढला. ‘सत्यकथे’चा अंक जाळला गेला. लघुनियतकालिकांच्या त्या पिढीचे म्हणणे असे, की एकाच अभिरुचीच्या चाळणीतून सगळे मराठी लेखन गाळले जात आहे. त्या आक्षेपात तथ्य होते. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह ‘कोसला’च्याच वर्षी, १९६३ मध्ये, आला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये वाढलेल्या बागुलांच्या कथेत भाषा उसळते, अंगावर येते, कधी एकाच वाक्यात चार वाक्यांचा दम भरते. प्रमाणबद्धतेवर पोसलेल्या संपादकाने ती ‘आटोपशीर’ केली असती तर त्यातला संताप आधी गेला असता. म्हणून संपादकाला आधी ऐकता यायला हवे. मजकुरात काय खटकते याची यादी करण्यापूर्वी, हा मजकूर कोणत्या आवाजात बोलतो आहे, हे त्याने स्वतःला विचारायला हवे. तो आवाज पकडला की मग कोणती पुनरुक्ती हलगर्जीपणाची आणि कोणती छाती बडवण्याची, हे कळते. स्वतःच्याच खर्ड्याचे संपादन करणाऱ्यालाही हेच लागू आहे, फक्त त्याला त्यासाठी स्वतःपासून काही दिवस दूर जावे लागते.

वर्तमानपत्रात हे दूर जाणे शक्य नसते, म्हणून तिथे माणसेच वेगळी केली गेली. दादासाहेब पोतनिसांनी १९३८ मध्ये ‘गावकरी’ सुरू केला. नाशिकची वृत्तपत्रसृष्टी त्याच्या आधाराने वाढली. मराठी दैनिकांत पुष्कळ वर्षे अशी पद्धत होती, की तालुक्याचा बातमीदार फोनवरून बातमी सांगे आणि डेस्कवरचा उपसंपादक ती लिहून घेई, मथळा देई, कॉलमात बसवी. पाहिलेला माणूस वेगळा, लिहिणारा वेगळा, प्रूफ वाचणारा तिसरा. आता बातमीदारच मोबाइलवर मजकूर टाइप करतो, छायाचित्र जोडतो आणि पाठवतो. मधली माणसे घटत चालली आहेत. छापील पानावरच्या चुका त्यामुळे वाढल्या, ही तक्रार सगळेच करतात. त्याहून मोठा तोटा बोलला जात नाही: पुढे कोणी तपासणारे नाही हे माहीत असलेला बातमीदार जपून, ठरावीक साच्यातच लिहू लागतो. मागे डेस्क असले की पुढचा माणूस मोकळेपणाने लिहितो.

रंगभूमीवर हे काम तालमीत होते. नाटककार संहिता वाचून दाखवतो, नट ती तोंडात घोळवतात, आणि जे वाक्य कागदावर डौलदार होते ते श्वासात बसत नाही असे लक्षात येते. वि. वा. शिरवाडकर (म्हणजेच कुसुमाग्रज) आणि वसंत कानेटकर या दोन मोठ्या नाटककारांनी नाशिकला राहून लिहिले आणि त्यांची नाटके मुंबई-पुण्याच्या संस्थांनी उभी केली. लिहिण्याची जागा आणि तालमीची जागा यांत त्या काळी एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर होते.

सांगून लिहिण्याची जुनी रीत आता वेगळ्या वाटेने परत आली आहे. गुगलने २०१७ मध्ये आवाजावरून टंकलेखन करण्याच्या सोयीत मराठीचा समावेश केला. ज्यांचा हात कळफलकावर अडखळतो अशी कितीतरी माणसे, निवृत्त शिक्षक, आजी, शेतकरी, आता फोनसमोर बोलून मजकूर तयार करू शकतात. त्यातून उतरणारे पान विरामचिन्हांशिवायचे, बोलीला चुकीच्या शब्दांत बसवणारे, एकसलग असते. अनेकजण ते पाहून खट्टू होतात आणि सोडून देतात. त्यांना एवढेच सांगायला हवे, की ते पान खर्डाच आहे, आणि सच्चिदानंदबाबांचे काम अजून व्हायचे आहे. घरातल्या कोणी तरी, शेजारच्या कॉलेजकुमाराने, किंवा स्वतः त्या माणसाने आठवड्याने बसून ते नीट करावे. आजीच्या तोंडचे ‘व्हय’, ‘हाय’, ‘आलती’ प्रमाण करून टाकण्याची घाई मात्र करू नये. नाशिक जिल्ह्यातच पेठ-सुरगाण्याची बोली वेगळी, बागलाणातली अहिराणी वेगळी, आणि ती कागदावर आणण्याची इतकी सोपी संधी यापूर्वी मिळालेली नाही.

एक काम अजून उरते, आणि ते लेखकांपेक्षा त्यांच्या घरच्यांनी आणि ग्रंथालयांनी अंगावर घेण्याचे आहे. टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’चे टंकलिखित, एझ्रा पाउंड यांनी त्यावर मारलेल्या काटांसह, १९७१ मध्ये जसेच्या तसे छापले गेले. १९२२ च्या त्या कवितेतून किती ओळी गेल्या आणि त्यामुळे ती कशी उभी राहिली, हे कोणताही विद्यार्थी आज पानोपानी पाहू शकतो. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या ओळींची चित्रे झालेली आपण पाहतो. मराठीत पुस्तके जपली गेली, खर्डे फारसे नाहीत. नव्या लेखकाला मोठ्या लेखकाचे अडखळणे दिसतच नाही, फक्त छापील, निर्दोष पान दिसते. मग त्याला वाटते, की मोठ्यांना सगळे पहिल्यांदाच असे सुचले असेल. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी जुनी वाचनालये आहेत. लेखकाच्या मागे राहिलेल्या वह्या, खोडलेली पाने, समासातल्या खुणा, संपादकाची पत्रे यांच्यासाठी त्यांनी एखादे कपाट राखावे. आणि जे संगणकावर लिहितात, त्यांनी दुरुस्तीला बसताना पहिली फाइल तशीच ठेवून, तारीख घालून दुसरी उघडावी. त्याला जागा लागत नाही, आणि काढलेला परिच्छेद परत हवासा वाटला, तर तो तिथे असतो.